आयोडाइडने आयोडाइडलाच हाकललं, तर कुणाला कळणार?

जलपर्णी
भाची यंदा रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या न्यूक्लिओफिलिक सबस्टिट्युशन चालू आहे, म्हणजे कार्बनला जोडलेला एक गट जातो आणि इलेक्ट्रॉनजोडी घेऊन आलेला दुसरा त्याच्या जागी बसतो. तिच्या वहीत एक तक्ता आहे: प्राथमिक कार्बन (एकाच दुसऱ्या कार्बनला जोडलेला) असेल तर एसएन२ (नवा गट मागून येतो त्याच वेळी जुना निघतो), तृतीयक (तीन कार्बनना जोडलेला) असेल तर एसएन१ (जुना आधी निघतो, मग नवा येतो), द्वितीयक असेल तर 'परिस्थितीनुसार'. तक्ता तोंडपाठ आहे, उत्तरंही बरोबर येतात, पण 'असं का?' विचारलं की गप्प.

काल तिने उलट मलाच कोड्यात टाकलं. पुस्तकात १९३५ सालचा ह्यूज आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे. २-आयोडोऑक्टेन अॅसिटोनमध्ये घेतलं आणि त्यात सोडियम आयोडाइड टाकलं. आयोडाइड येतं, आधीच्या आयोडिनला बाहेर काढतं आणि त्याच्या जागी बसतं. ती म्हणाली, "मावशी, आधीही २-आयोडोऑक्टेन, नंतरही २-आयोडोऑक्टेन. मग काही घडलं हे त्यांना कळलं कसं? आणि रेसिमीकरणाचा (रेणूच्या डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांची सरमिसळ होण्याचा) वेग अदलाबदलीच्या दुप्पट आला असं लिहिलंय, ते दुप्पट कुठून आलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं, दुसऱ्याला अडले. रसायनशास्त्र सोडून मला पंधरा वर्षं झाली. हा विषय तक्त्यापुरता उरू नये असं मनापासून वाटतं, म्हणून धागा काढला. तुम्ही हे कसं शिकलात, कसं शिकवता, दोन्ही लिहा.

तांबडा_लिटमस
वाचतोय. भाचीचा प्रश्न भारी आहे.

भास्कर७१
जलपर्णीताई, दुपटीचं उत्तर इथे कुणी लगेच देऊ नका अशी विनंती. पोरगी स्वतः काढेल. एवढीच दिशा देतो: एकाच घटनेची दोन मोजमापं होती. नवं आयोडाइड किरणोत्सारी होतं, म्हणून किती रेणूंत अदलाबदल झाली ते किरणोत्सारावरून कळलं. आणि सुरुवातीचं २-आयोडोऑक्टेन एकाच हाताचं, ध्रुवित प्रकाश एका बाजूला वळवणारं होतं, म्हणून किती रेणू उलटले ते पोलारिमीटरवर, म्हणजे हे वळण मोजणाऱ्या यंत्रावर कळलं. त्या काळी मिळणारं किरणोत्सारी आयोडिन म्हणजे आयोडिन-१२८, अर्धायुष्य जेमतेम २५ मिनिटं. म्हणजे ही मोजमापं घड्याळाशी शर्यत लावून केलेली आहेत.

माझी नोकरी प्रयोगशाळेत मुलांना शिकवण्यातच गेली, म्हणून एक प्रयोग सुचवतो. तृतीयक ब्यूटिल क्लोराइड अॅसिटोनमध्ये विरघळवायचं. दुसऱ्या चंचुपात्रात पाणी, थोडं सोडियम हायड्रॉक्साइड आणि ब्रोमोफिनॉल ब्लूचे दोन-तीन थेंब. दोन्ही एकत्र ओतायचं, ढवळायचं आणि घड्याळ लावायचं. काही सेकंद द्रावण गर्द निळं राहतं. मग आधी कडेने जांभळट झाक येते आणि बघता बघता सगळं पिवळं होतं. पाणी क्लोराइडची जागा घेतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते अल्कली संपवतं, म्हणून रंग पालटतो.

आता अल्कली दुप्पट घ्या. रंग पालटायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दरवर्षी निम्मा वर्ग म्हणतो, "सर, अल्कली वाढवली तर वेग कमी झाला!" मी म्हणतो, पाण्याची टाकी दुप्पट मोठी केली आणि ती भरायला दुप्पट वेळ लागला, तर नळ बारीक झाला का? आम्ल त्याच वेगाने सुटतंय, फक्त संपवायची अल्कली जास्त आहे. हायड्रॉक्साइड कितीही टाका, नळ तसाच. कारण मंद पायरी कार्बन आणि क्लोरिन एकमेकांपासून सुटण्याची आहे, आणि त्या पायरीत हायड्रॉक्साइडचा हातच नाही. हे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा एसएन१ विसरत नाही.

खडू_फळा
भास्करकाकांचा प्रयोग सुंदर, पण तक्त्याला इतकं नावं ठेवू नका. मी शिकवणी घेते. सत्तर मुलांतल्या प्रत्येकाच्या हातात चंचुपात्र देता येत नाही. तक्ता पाठ असलेला मुलगा निदान सुरुवात तरी करतो, 'का' नंतर येतं. पाढे आधी पाठ होतात, गुणाकाराचा अर्थ पुढे कळतो, तसंच हे.

निळी_ज्योत
खडू_फळा, पाढ्यांत अपवाद नसतात हो. इथे निओपेंटिल ब्रोमाइड घ्या. प्राथमिक आहे, तक्त्याप्रमाणे एसएन२ धडाक्यात व्हायला हवी. प्रत्यक्षात इथिलच्या तुलनेत साधारण १ लाख पट मंद! कारण शेजारच्या कार्बनवर तीन मिथिल गट दाटीवाटीने बसलेत आणि मागची वाट अडवतात. 'मागून यायला जागा आहे का?' हा प्रश्न ज्याला विचारता येतो त्याला निओपेंटिलही कळतं, तृतीयकही कळतं. तक्त्याला फक्त कार्बन मोजता येतात.

मागूनच का, तेही लिहिते. निघून जाणाऱ्या गटाशी जो बंध आहे त्याची रिकामी, बंधविरोधी कक्षा कार्बनच्या पाठीमागे फुगलेली असते. नव्या पाहुण्याची इलेक्ट्रॉनजोडी त्या रिकाम्या जागेत शिरते, म्हणून जुना बंध तुटतो. मी मुलांना वाऱ्याने उलटलेल्या छत्रीचं उदाहरण देते, चटकन पोचतं.

शिंपला
छत्रीला माझा विरोध. छत्री उलटते तेव्हा दांडा तोच राहतो. इथे दांडाच गळून पडतो आणि पलीकडून नवा दांडा बसतो. काड्या तेवढ्या उलटतात. छत्री ऐकून आलेल्या एका मुलाने मला उत्पादनाचं चित्र काढून दाखवलं, त्यात ब्रोमिन जागच्या जागीच आणि बाकीचे तीन गट उलटलेले! छत्रीच्या हिशोबाने त्याचं काही चुकलं नव्हतं.

निळी_ज्योत
शिंपला, हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी दांडा काढून दाखवीन. :)

अवकाळी
'एसएन१ मध्ये एक पायरी, एसएन२ मध्ये दोन' असं समजणारे अजून भेटतात का कुणाला? मी पूर्ण एक वर्ष तेच समजत होते.

भास्कर७१
अवकाळी, रोज भेटतात. खरं आहे ते नेमकं उलट. एसएन१ मध्ये निदान दोन पायऱ्या, एसएन२ मध्ये एकच. तो आकडा पायऱ्यांचा नाही, वेग ठरवणाऱ्या पायरीत किती रेणू सामील आहेत त्याचा आहे. ह्यूज आणि इंगोल्ड या दोघांनी १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ही भाषा घडवली. न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनजोडी घेऊन येणारा नवा पाहुणा) हा शब्दही इंगोल्डचाच, १९३३ चा.

तांबडा_लिटमस
मराठीत 'केंद्रकस्नेही' म्हणतात ना? मला तो शब्द आवडतो. स्नेही म्हटलं की तो कुणाकडे ओढला जाणार ते लगेच कळतं.

खडू_फळा
शब्द गोड आहे, पण वर्गात 'केंद्रकस्नेही प्रतियोजन' म्हटलं की मुलं वाक्याच्या शेवटापर्यंत पोचत नाहीत. मी एकदाच अर्थ फोडून सांगते आणि पुढे न्यूक्लिओफाइलच म्हणते. 'लीव्हिंग ग्रुप'ला मात्र 'निघून जाणारा गट' म्हणते, त्याने विचार करायला मदत होते. जो गट बाहेर पडून एकटा सुखाने राहू शकतो तोच सहज निघतो. आयोडाइड निघतं, टॉसिलेट निघतं. हायड्रॉक्साइड निघत नाही. त्याला आधी प्रोटॉन देऊन पाणी करावं लागतं, मग निघतं.

सुतारपक्षी
मी रसायनवाला नाही, लाकूडकाम करतो. शीर्षक वाचून आत आलो आणि सगळा धागा वाचून काढला. दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद मी रोज वापरतो. तो प्रकार यातच मोडतो का? माझे दोन प्रश्न आहेत. हार्डनर जास्त घातला तर लवकर का सुकत नाही, उलट चिवट आणि मऊ का राहतो? आणि वाटीत जास्त कालवला की वाटी हाताला चटका बसेल इतकी तापते, तोच गोंद फळीवर पातळ पसरला तर गार राहतो, असं का?

निळी_ज्योत
सुतारपक्षी, अगदी यातच मोडतो. रेझिनच्या रेणूच्या टोकांना ऑक्सिजन आणि दोन कार्बन यांची तीन कोनांची छोटी कडी असते. ती ताणलेली असते, कधी सुटते याची वाटच बघत असते. हार्डनरमधलं अमाइन म्हणजे नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनजोडी घेऊन आलेला केंद्रकस्नेही. ते कडीतल्या कार्बनवर मागून जातं, कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, कडी उघडते. ही एसएन२ च. गंमत अशी की इथे निघून जाणारा गट निघून जातच नाही. ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनला बांधलेला असतो, तो त्याच रेणूत लटकत राहतो. म्हणून इपॉक्सीतून बाहेर काही पडत नाही.

यावरून तुमचं पहिलं उत्तर: गोंद 'सुकत' नाही, कारण त्यातून काही उडून जात नाही. हार्डनरचा एकेक रेणू अनेक कड्यांशी जुळतो आणि जाळं विणलं जातं. हार्डनर जास्त झाला की सगळ्या कड्या संपतात आणि उरलेल्या अमाइनला जोडीदार मिळत नाही. जाळं अपुरं राहतं, म्हणून मऊपणा. दुसरं: प्रत्येक कडी उघडताना उष्णता सुटते. वाटीत ती कोंडते, त्याने वेग वाढतो, म्हणून आणखी उष्णता. फळीवर ती पसरून निघून जाते.

सुतारपक्षी
आता कळलं. बारा वर्षं हेच काम करतोय. मधे काही महिने बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठायचे, खाज सुटायची. डॉक्टरांनी इपॉक्सीची अॅलर्जी सांगितली. तेही याचमुळे का?

शिंपला
हो. कातडीतल्या प्रथिनांतही अमाइन आणि गंधक असलेले गट असतात. न जुळलेलं रेझिन हाताला लागलं की त्याच कड्या त्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनाला परकं समजायला लागतं. एकदा अॅलर्जी बसली की सहसा जात नाही, पुढे थोडासा संपर्कही पुरतो. कृपा करून योग्य हातमोजे घाला. आणि हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. साबण-पाण्यानेच धुवा.

गंधकराज
सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर हे इथे नोंदवून ठेवतो. पीएचडीच्या काळात सोडियम अझाइडची एसएन२ केली होती. डीएमएफ या द्रावकात छान झाली. नंतर उत्पादन वेगळं काढायला हात सवयीने डायक्लोरोमिथेनच्या बाटलीकडे गेला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मनगट धरलं. उरलेला अझाइड आणि डायक्लोरोमिथेन एकत्र आले तर तीच एसएन२ दोनदा होते, दोन्ही क्लोरिनच्या जागी अझाइड बसतो आणि डायअझाइडोमिथेन तयार होतं. ते भयंकर स्फोटक आहे. आपण ज्याला निव्वळ द्रावक समजतो तोही एक अल्किल हॅलाइडच (कार्बनला क्लोरिनसारखा गट जोडलेलं संयुगच) असतो, हे मला त्या क्षणी समजलं. त्या मुलीचे उपकार मी विसरलेलो नाही.

द्रावकांबद्दल आणखी एक. मिथिल आयोडाइडवर क्लोराइडची अभिक्रिया मेथॅनॉलऐवजी डीएमएफमध्ये केली तर वेग साधारण १० लाख पट होतो. मेथॅनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी क्लोराइडला चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवतात. डीएमएफला तसं धरता येत नाही, म्हणून क्लोराइड मोकळं राहतं. तक्त्यात 'ध्रुवीय अप्रोटिक (म्हणजे असे हायड्रोजन बंध देऊ न शकणारा द्रावक) = एसएन२' एवढंच लिहिलेलं असतं. हा १० लाखांचा आकडा त्यात कुठेच नसतो, आणि खरी मजा तर त्या आकड्यात आहे.

मृगजळ
गंधकराज यांच्या शेवटच्या परिच्छेदावर माझी रोजची नोकरी चालते! मी पेट स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज बनवणाऱ्या विभागात आहे. जलपर्णीताई, भाचीला हे नक्की सांगा.

सायक्लोट्रॉनमधून फ्लोरिन-१८ येतं ते पाण्यात विरघळलेल्या फ्लुओराइडच्या रूपात. पाण्याने त्याला असं आवळलेलं असतं की ते काहीच करत नाही. म्हणून आधी अॅसिटोनायट्राइल टाकून पाणी उडवून लावायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा उडवायचं. सोबतच्या पोटॅशियमला क्रिप्टोफिक्स नावाचा पिंजऱ्यासारखा रेणू पोटात घेतो, आणि फ्लुओराइड उघडं पडतं. मग ते एसएन२ ला तयार होतं. हे सगळं घाईत, कारण फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं. आपण कोरडं करत बसलो तरी तिकडे निम्मं-निम्मं कमी होतच असतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हवं आहे ग्लुकोजचं रूप, पण सुरुवात आम्ही ग्लुकोजपासून करत नाही, मॅनोज या दुसऱ्या साखरेपासून करतो! दोघांत फरक एकच, दुसऱ्या कार्बनवरच्या गटाची दिशा उलटी. मॅनोजच्या त्या जागेवर ट्रायफ्लेट (सहज निघून जाणारा गट) बसवलेलं असतं, बाकीचे हायड्रॉक्सिल अॅसिटिल गटांनी झाकलेले. फ्लुओराइड मागून येतं, ट्रायफ्लेट निघून जातं, कार्बन उलटतो आणि मॅनोजची मांडणी ग्लुकोजची होते. शेवटी अॅसिटिल गट काढले की काम झालं. एसएन२ मध्ये कार्बन उलटतो हे एका ओळीचं ज्ञान नसतं, तर सुरुवात कुठल्या साखरेपासून करायची हेच कळलं नसतं.

अवकाळी
मृगजळ, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांचं पेट स्कॅन झालं होतं. त्या सुईत काय होतं ते आज कळलं.

खडू_फळा
मृगजळ यांचं उदाहरण उद्याच वर्गात सांगते. तक्त्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तक्त्याआधी मॅनोज सांगायला काहीच हरकत नाही.

गंधकराज
एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही. एसएन१ म्हणजे सपाट कार्बोकॅटायन (धनप्रभारित कार्बन), म्हणजे उलटलेले आणि न उलटलेले रेणू नेमके ५०-५०, असं आपण लिहून देतो. प्रत्यक्षात इतकं नेमकं क्वचितच येतं. निघालेला गट लगेच दूर जात नाही, काही काळ कॅटायनच्या शेजारीच रेंगाळतो आणि ती बाजू झाकतो. म्हणून पाणी मोकळ्या बाजूने जास्त येतं आणि उलटलेलं उत्पादन थोडं जास्त मिळतं. विनस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने या आयनजोड्यांवर फार बारकाईने काम केलं. द्वितीयक कार्बनवर तर एसएन१ आणि एसएन२ यांच्यामध्ये सरळ रेघ ओढताच येत नाही.

आणि वायुअवस्थेतली एसएन२ तर आणखी वेगळी. २००८ मध्ये मिथिल आयोडाइड आणि क्लोराइड यांची टक्कर घडवून बाहेर पडणाऱ्या आयोडाइडची दिशा आणि वेग टिपले गेले. काही टकरींत मिथिल गट आयोडिनभोवती पूर्ण गिरकी घेतो आणि मगच क्लोराइड त्याला पकडतं. सरळ रेषेत पाठीमागून हे आपलं चित्र खरंच आहे, पण ते एकमेव नाही.

शिंपला
तृतीयक असो नाहीतर आणखी काही, एसएन१ ला सपाट व्हायला जागा लागते, हे १९३९ साली बार्टलेट आणि नॉक्स यांनी फार छान दाखवलं. पुलासारखी बांधणी असलेल्या रेणूच्या सांध्यावर त्यांनी क्लोरिन ठेवलं. मागून यायला वाट नाही कारण मागे पिंजरा आहे, म्हणून एसएन२ नाही. सपाट होता येत नाही कारण पिंजरा ओढून धरतो, म्हणून एसएन१ ही नाही. सिल्व्हर नायट्रेटबरोबर उकळलं तरी ढिम्म. तृतीयक असूनही! तक्ता इथे साफ हरतो.

तांबडा_लिटमस
सगळं झकास चाललंय, पण भाचीच्या 'दुपटी'चं काय झालं? मी दोन दिवस कागदावर करतोय. भास्करकाका, आता तरी सांगा.

भास्कर७१
अजून एक दिवस थांबूया. जलपर्णीताई, वीस नाणी आणि वीस चिठ्ठ्या द्या तिला.

जलपर्णी
आले परत! भास्करकाका, तुम्हाला नमस्कार. काल रात्री नाण्यांचा खेळ झाला, सगळं सविस्तर लिहिते.

वीस नाणी छापा वर करून मांडली, १ ते २० क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, त्या क्रमांकाचं नाणं उलटायचं, त्याखालच्या कागदावर पेन्सिलीने टिंब द्यायचं, चिठ्ठी परत डब्यात. टिंब म्हणजे किरणोत्सारी आयोडिन आलं. छापा वजा काटा म्हणजे पोलारिमीटरवरचं माप. सुरुवातीला २०.

पहिली चिठ्ठी निघाली, एक नाणं उलटलं. तिने मोजलं: १९ छापा, १ काटा, फरक १८. थांबली. "मावशी, एकच बदललं आणि दोन कमी झाले." मी काही बोलले नाही. दुसरी चिठ्ठी, फरक १६. तिसरी, १४. मग तीच म्हणाली, "उलटलेलं नाणं नुसतं आपल्या बाजूने जात नाही, समोरच्या एकाला रद्दही करतं." दहा चिठ्ठ्या झाल्या तेव्हा दोन नाणी दोनदा आली होती. टिंब नसलेली १२, फरक मात्र ८.

नंतर तिने स्वतःहून नियम बदलला. आता चिठ्ठी निघाली की नाणं उलटायचं नाही, वर उडवायचं, जे पडेल ते. म्हणाली, "हे एसएन१, सपाट होऊन कुठल्याही बाजूने." चार डाव खेळलो. या वेळी फरक टिंब नसलेल्या नाण्यांच्याच आसपास राहिला. थोडं वर, थोडं खाली, पण दुपटीने घसरला नाही. तिसरा नियम: नाणं उचलायचं आणि तसंच ठेवायचं, म्हणजे पुढून येऊन पुढेच बसायचं. टिंबं वाढत गेली, फरक २० वरून हललाच नाही.

मग वहीच्या त्या पानावर तक्त्याखाली तिने लिहिलं: पुढून आला तर ०, सपाट झाला तर १, मागून आला तर २. ह्यूजना २ मिळाले.

तांबडा_लिटमस
अरे! एवढं सोपं होतं आणि मी लॉगॅरिथम काढत बसलो होतो.

शिंपला
०, १, २. मी आता असंच शिकवणार. ताई, तिला शाबासकी.

खडू_फळा
सत्तर मुलांना चंचुपात्र देता येत नाही, पण वीस नाणी देता येतात. उद्या देते.

जलपर्णी
आता तिचा नवा प्रश्न आहे: "एकाच अभिक्रियेत एकच नाणं दोनदा उलटलं तर? टिंब पडेल, पण छापा छापाच राहील. मग ते पुढूनच आलं असं वाटून आपण फसू ना?" असं प्रत्यक्षात होतं का?

भास्कर७१
होतं! १८९६ साली वाल्डेन नावाचे रसायनशास्त्रज्ञ यातच गुंतले होते. त्यांनी मॅलिक आम्लावर फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरून क्लोरोसक्सिनिक आम्ल केलं. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर मूळचंच मॅलिक आम्ल परत मिळालं, आणि ओलसर सिल्व्हर ऑक्साइड वापरलं तर उलट्या हाताचं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पायरीत कार्बन एकदा उलटतो. सिल्व्हर ऑक्साइडच्या पायरीत रेणूचा स्वतःचाच कार्बोक्सिलेट गट आधी मागून शिरतो, मग त्याला हटवत पाणी मागून येतं. दोनदा पलटी, म्हणून दिशा होती तशीच. तिला सांगा, वाल्डेनच्या चक्रातल्या प्रत्येक बाणाला एकेक नाणं लावून बघ.